विखुरलेल्या प्रकाशावरून बारीक थेंबांचा व्यास कसा मोजतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फवारा, धुके, ढग, औषधाची वाफ, इंजिनात उडणारे इंधन, पाण्यात मिसळलेले तेल या सगळ्यांत थेंबच असतात आणि त्यांचा व्यास कळल्याशिवाय पुढचे काहीच नीट ठरवता येत नाही. फवाऱ्यांच्या मोजमापाचे काम करताना मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. मराठीत ‘आकार’ म्हटले की कधी रूप समजले जाते, कधी मोठेपणा. घोटाळा नको म्हणून मी शक्य तिथे ‘व्यास’ हाच शब्द वापरला आहे. एकक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली का मोजत नाहीत?

मोजतात, पण काचेवर दिसतो तो हवेतला थेंब राहिलेला नसतो. काचेला लागताच तो पसरून चपटा होतो आणि लगेच सुकू लागतो. २० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत १० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. सुकायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १०० मायक्रॉनचा थेंब त्याच्या शंभरपट, सुमारे १० सेकंद टिकतो. तुम्ही काच उचलून भिंगाखाली सरकवेपर्यंत बारीक थेंब उडून गेलेले असतात आणि उरलेल्यांवरून काढलेली सरासरी फुगलेली येते.

दुसरी अडचण याहून छुपी आहे. बारीक थेंब मुळात काचेवर येतच नाहीत. १० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला फक्त ३ मिलिमीटर खाली येतो. इतका हलका थेंब हवेच्या प्रवाहाबरोबर काचेला वळसा घालून निघून जातो. प्रकाशाचा मोठा फायदा इथेच आहे: तो थेंबाला हात लावत नाही, अडवत नाही, थांबायला सांगत नाही.

प्रकाशावरून व्यास नेमका कळतो कसा?

प्रकाशाच्या वाटेत लहान गोल वस्तू आली की तिच्या कडेवरून प्रकाश वळतो आणि मागच्या पडद्यावर मधोमध तेजस्वी ठिपका व त्याभोवती एकाआड एक काळी-उजळ वलये उमटतात. हे विवर्तन. वस्तू जितकी लहान, तितकी वलये मोठी. हे उलटे नाते पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते, पण सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

पहिले काळे वलय ज्या कोनावर पडते, त्या कोनाची ज्या म्हणजे साइन ही १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले व्यास एवढी असते. हेलियम-निऑन लेझरचा लाल प्रकाश ०.६३३ मायक्रॉनचा. त्यात १०० मायक्रॉनच्या थेंबाचे पहिले काळे वलय मध्यापासून फक्त ०.४४ अंशावर येते, १० मायक्रॉनच्या थेंबाचे ४.४ अंशांवर. १ मायक्रॉनसाठी हेच सूत्र ५० अंश सांगेल, पण तिथे त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. का, ते पुढे येते.

म्हणून प्रकाश किती विखुरला यापेक्षा तो कुठल्या कोनात किती गेला, हे मोजणे महत्त्वाचे. ‘किती’ हे थेंबांच्या संख्येवरही अवलंबून असते, लेझरच्या शक्तीवरही आणि काचेवरच्या धुळीवरही. कोन मात्र व्यासाशी बांधलेला असतो.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल का?

येईल, आणि प्रत्येकाने एकदा तरी बघावे. पातळ ढगाआड चंद्र गेला की त्याला खळे पडते. त्यातले लहान खळे, चंद्राला चिकटून असलेले, आत निळसर-पांढरे आणि कडेला तांबूस, हे ढगातल्या पाण्याच्या थेंबांमुळे पडते. दुसरे मोठे खळे चंद्रापासून २२ अंश दूर असते. हात लांब करून ताणलेली वीत साधारण एवढीच भरते. ते बर्फाच्या स्फटिकांमुळे पडते, त्याचा थेंबांशी संबंध नाही. आपल्या भाषेत दोन्ही खळीच, पण मोजायचे ते लहान.

चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश असते, म्हणजे आकाशात फूटपट्टी तयारच आहे. समजा, तांबूस कड चंद्राच्या मध्यापासून चार चंद्र दूर दिसते, म्हणजे २ अंशांवर. तांबूस कड तिथे असते जिथे पिवळा-हिरवा प्रकाश वजा झालेला असतो, म्हणून तरंगलांबी ०.५७ मायक्रॉन धरायची. १.२२ गुणिले ०.५७ भागिले २ अंशांची ज्या, म्हणजे जवळपास २० मायक्रॉन. काही किलोमीटर वर तरंगणाऱ्या थेंबांचा व्यास तुम्ही जमिनीवर उभे राहून मोजलात! मला स्वतःला या विषयात ओढले ते याच हिशेबाने. खळे रंगीत आणि रेखीव असेल तर थेंब जवळपास एकाच मापाचे आहेत. नुसताच धुरकट उजेड असेल तर मापांची सरमिसळ आहे. म्हणजे एकट्या खळ्यावरून सरासरीही कळते आणि पसाराही.

घरात करायचे असेल तर काचेच्या पट्टीवर लायकोपोडियमची भुकटी विरळ भुरभुरा. हे एका वनस्पतीचे बीजाणू, जवळपास गोल, सुमारे ३० मायक्रॉनचे. अंधाऱ्या खोलीत ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर पॉइंटर त्या काचेतून २ मीटरवरच्या भिंतीवर सोडा. मधल्या झगमगत्या ठिपक्याभोवती मऊ, दाणेदार तेज पसरते आणि मध्यापासून साधारण ५.३ सेंटीमीटरवर एक काळपट वलय सापडते. पट्टीने त्रिज्या मोजा आणि हा हिशेब करा: १.२२ गुणिले तरंगलांबी गुणिले भिंतीचे अंतर, भागिले वलयाची त्रिज्या. उत्तर ३० मायक्रॉनच्या आसपास यायला हवे. लेझरच्या किरणात डोळा कधीही आणायचा नाही, आणि ही भुकटी ज्योतीजवळ न्यायची नाही, ती भपकन पेटते.

काचेवर फुंकर मारून वाफेच्या थेंबांवर हाच प्रयोग करण्याचा मोह होतो. वलय दिसतेही. पण तिथे थेंब एकमेकांना खेटून असतात आणि वलयात त्यांच्या आपसातल्या अंतराचा वाटा मिसळतो. त्यावरून काढलेला व्यास खरा धरू नका.

ही पद्धत लेझरनंतरच आली का?

नाही. थॉमस यंगने १८१३ मध्ये ‘एरिओमीटर’ नावाच्या साध्या उपकरणाचे वर्णन केले. लोकरीचे तंतू आणि रक्तातल्या पेशी यांच्याभोवती दिसणाऱ्या रंगीत वलयांवरून तो त्यांची जाडी काढत असे. लेझरने त्यात एकाच तरंगलांबीचा, सरळ रेषेत जाणारा प्रखर प्रकाश आणला आणि संगणकाने हजारो वेळा हिशेब करण्याची ताकद. मूळ कल्पना तीच आहे.

‘मी सिद्धांत’ म्हणजे काय? तो कधी लागतो?

गुस्ताव मी हा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण वेगवेगळे रंग का दाखवतात, हे समजून घेताना त्याने १९०८ मध्ये गोलावर पडणाऱ्या प्रकाशाचे संपूर्ण गणित मांडले. लुडविग लोरेन्झ या डॅनिश शास्त्रज्ञाने त्याआधी १८९० मध्ये तसेच काम केले होते, म्हणून पुष्कळ जण याला लोरेन्झ-मी सिद्धांत म्हणतात.

वलयांचे सोपे सूत्र थेंबाला काळ्या चकतीसारखे धरते. थेंबाच्या आत शिरून, वळून, पुन्हा बाहेर पडणारा प्रकाश त्यात मोजलेलाच नसतो. थेंब मोठा असेल आणि आपण अगदी समोरचे लहान कोनच बघत असू, तर हे चालून जाते. पण थेंब काही मायक्रॉनच्या खाली आला की आतून आलेला प्रकाश आणि कडेवरून वळलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात, आणि सोपे सूत्र चुकू लागते. तिथे मीचे गणित हवे.

ते गणित म्हणजे एक लांबलचक बेरीज. तिच्यात किती पदे घ्यायची हे थेंबाचा परीघ तरंगलांबीच्या किती पट आहे, यावर ठरते. लाल लेझरमध्ये १० मायक्रॉनच्या थेंबाचा परीघ तरंगलांबीच्या जवळपास ५० पट भरतो आणि सुमारे ६६ पदे घ्यावी लागतात. हाताने हे करणाऱ्यांची कमाल आहे. आज साधा लॅपटॉप ते क्षणात करतो, त्यामुळे ‘सोपे सूत्र पटकन होते’ म्हणून ते निवडण्याचे कारण उरलेले नाही.

दुसऱ्या टोकाला, तरंगलांबीपेक्षा फारच लहान कणांसाठी, रॅलेचा नियम लागतो. १८७१ मध्ये लॉर्ड रॅलेने तो आकाशाच्या निळाईच्या संदर्भात मांडला. तिथे विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट, तर प्रकाश ६४ पट. हा सहावा घात लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

यंत्राच्या आत काय असते?

एका बाजूला लेझर. त्याचा किरण रुंद आणि समांतर करून फवाऱ्यातून जाऊ देतात. पलीकडे एक भिंग आणि भिंगाच्या केंद्रांतरावर, म्हणजे समांतर किरण जिथे एकत्र येतात तिथे, डिटेक्टर. डिटेक्टर म्हणजे एकात एक अशा अर्धवर्तुळाकार पट्ट्यांची चकती. आतल्या पट्ट्या अरुंद, बाहेरच्या रुंद. मधोमध बारीक छिद्र असते, त्यातून न विखुरलेला किरण पलीकडे जातो आणि त्यावरून फवाऱ्याने किती प्रकाश अडवला हे कळते.

या मांडणीतले खरे शहाणपण भिंगात आहे. समांतर येणारा, एकाच कोनात विखुरलेला सगळा प्रकाश भिंग एकाच वलयावर आणून ठेवते, मग तो वरच्या थेंबाकडून आलेला असो की खालच्या. त्यामुळे थेंब किरणात कुठेही असू दे, कितीही वेगाने पळू दे, त्याचे वलय जागचे हलत नाही. ३०० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगात १०० मायक्रॉनच्या थेंबाचे पहिले काळे वलय मध्यापासून २.३ मिलिमीटरवर पडते आणि ५०० मायक्रॉनच्या थेंबाचे अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. मोठ्या थेंबांची सगळी माहिती मधल्या किरणाला खेटून असते. किरण केसभर सरकला की पहिल्यांदा तीच बिघडते.

फवारा भिंगापासून फार दूर ठेवला तर बारीक थेंबांचा रुंद कोनात गेलेला प्रकाश भिंगाच्या बाहेरून निसटतो. यंत्राला ते थेंब मग दिसतच नाहीत. प्रत्येक भिंगासाठी हे अंतर ठरलेले असते. माहितीपुस्तिकेतले ते पान वाचायचे टाळू नका.

फवाऱ्यात हजारो मापांचे थेंब असतात. सगळ्यांची वलये एकमेकांवर पडतात, मग वेगळी कशी करतात?

वेगळी करता येत नाहीत. उलट्या बाजूने जावे लागते. संगणक विचारतो, कोणत्या मापांचे किती थेंब धरले तर प्रत्येक पट्टीवर मोजलेला प्रकाश जुळेल? तो एक वाटणी गृहीत धरतो, तिचा प्रकाश काढतो, मोजमापाशी ताडून बघतो, दुरुस्ती करतो.

यात एक फट आहे. अगदी वेगवेगळ्या वाटण्या जवळपास सारखाच प्रकाश देऊ शकतात. मोजमापात किंचित खळबळ असली तरी उत्तरात खोटे उंचवटे उगवतात. म्हणून संगणकाला सांगावे लागते की उत्तर फार खडबडीत नको. किती गुळगुळीत करायचे हा निर्णय माणसाचा किंवा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा असतो. पडद्यावरचा सुंदर आलेख मोजलेला नसतो, काढलेला असतो. मोजलेला असतो तो पट्ट्यांवरचा प्रकाश. आलेखात दोन डोंगर दिसले, तर दुसऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी पट्ट्यांचे कच्चे आकडे उघडून बघा.

एकाच फवाऱ्याचा ‘सरासरी व्यास’ एका अहवालात १०, दुसऱ्यात १८ आणि तिसऱ्यात ५५ मायक्रॉन. कोण चुकले?

कदाचित कुणीच नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून आकडे मांडूनच दाखवतो.

समजा, फवाऱ्यात १० मायक्रॉनचे १००० थेंब आहेत आणि १०० मायक्रॉनचा एकच. व्यासांची साधी सरासरी काढली तर १०.१ मायक्रॉन. तो एकटा मोठा थेंब गर्दीत हरवला. आता द्रव किती आहे ते बघा. घनफळ व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणून त्या एका थेंबात उरलेल्या हजारांइतकेच पाणी आहे. अर्धा फवारा एकाच थेंबात! घनफळाचा भार देऊन सरासरी काढली, तर ती ५५ मायक्रॉन येते. आणि एकूण घनफळाला एकूण पृष्ठभागाशी ताडले, तर १८.२ मायक्रॉन. या शेवटच्या सरासरीला सॉटर सरासरी व्यास किंवा डी३२ म्हणतात.

तिन्ही आकडे त्याच फवाऱ्याचे आणि तिन्ही बरोबर. कुठला घ्यायचा हे तुमच्या कामावर ठरते. इंधन जळते, द्रव सुकतो, वायू शोषला जातो, तो पृष्ठभागावर, म्हणून तिथे डी३२. औषध किंवा कीटकनाशक किती पोचले हा प्रश्न द्रवाच्या प्रमाणाचा, म्हणून तिथे घनफळाचे आकडे: डीव्ही१०, डीव्ही५०, डीव्ही९०. डीव्ही५० म्हणजे असा व्यास, की अर्धा द्रव त्याहून लहान थेंबांत आहे आणि अर्धा मोठ्यांत. डीव्ही९० मधून डीव्ही१० वजा करून डीव्ही५० ने भागले की पसारा कळतो.

नुसता ‘सरासरी व्यास’ एवढेच लिहिलेला अहवाल मी परत पाठवतो. कशाची सरासरी, हे कळल्याशिवाय तो आकडा वापरण्याजोगा नसतो.

मग दोन वेगळ्या यंत्रांनी तोच डी३२ काढला तरी फरक का येतो?

कारण एक यंत्र जागेचा फोटो काढते आणि दुसरे नाक्यावर उभे राहून मोजते. रस्त्यावर काही गाड्या वेगात आहेत, काही रेंगाळत आहेत असे समजा. वरून फोटो काढला तर रेंगाळणाऱ्या जास्त दिसतात. नाक्यावर तासभर मोजल्या तर वेगवान गाड्यांचा वाटा वाढतो. विवर्तनाचे यंत्र फोटोवाले आहे. फवाऱ्यात बारीक थेंब हवेच्या विरोधाने लवकर मंदावतात आणि मोठे पुढे पळतात, म्हणून फोटोत बारीक थेंबांची गर्दी दिसते आणि सरासरी लहान येते. सगळे थेंब एकाच वेगाने जात असतील तर हा फरक नाहीसा होतो.

नाक्यावर उभे राहणारे यंत्र कुठले?

फेज डॉपलर. दोन लेझर किरण एका बिंदूवर एकमेकांना छेदतात आणि तिथे उजेड-अंधाराच्या बारीक पट्ट्या तयार होतात. थेंब त्यातून जाताना विखुरलेला प्रकाश लुकलुकतो. लुकलुकण्याच्या गतीवरून थेंबाचा वेग कळतो. जरा वेगळ्या कोनांत ठेवलेल्या दोन डिटेक्टरांना तेच लुकलुकणे थोडे पुढे-मागे दिसते, आणि हे पुढे-मागे होणे थेंबाच्या व्यासाच्या प्रमाणात असते. एकेका थेंबाचा व्यास आणि वेग एकाच वेळी! फवाऱ्याच्या अभ्यासकाला याहून काय हवे?

ही कल्पना ड्यूर्स्ट आणि झारे यांनी १९७५ मध्ये मांडली आणि बाचालो व हाउझर यांनी १९८४ मध्ये तिला वापरण्याजोगे रूप दिले. दोनच डिटेक्टर असतील तर हा पुढे-मागेचा फरक लुकलुकण्याच्या एका पूर्ण फेऱ्याच्या पुढे गेला की मोठा थेंब लहान वाटतो, म्हणून तिसरा डिटेक्टर लावतात. तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोघांशी जुळले नाही तर थेंब गोल नसावा असे मानून ते मोजमाप टाकून देतात.

मर्यादा एवढीच की हे यंत्र एका बिंदूवर मोजते. पूर्ण फवाऱ्याचे चित्र हवे तर बिंदू सरकवत शेकडो वेळा मोजावे लागते.

आलेखात शेकडो मायक्रॉनचे थेंब दिसतात, पण नोझलचे छिद्रच त्याहून लहान आहे. हे कसे?

या प्रश्नात माझी एक अख्खी रात्र गेली आहे. अल्कोहोलचा फवारा होता, छिद्र ३०० मायक्रॉनचे. आलेखात अपेक्षित डोंगर ४० मायक्रॉनच्या आसपास आणि एक दुसरा, ठसठशीत, ७०० च्या पुढे. आधी वाटले नोझल गळते आहे. ते बदलले. मग भिंगावर थेंब उडाले असतील म्हणून काच पुसली. डोंगर तिथेच.

पहाटे पंप बंद करून मी एका पसरट ताटलीत अल्कोहोल ओतले आणि ताटली किरणाच्या खाली ठेवली. फवारा नाही, एकही थेंब नाही. पडद्यावर तोच ७०० चा डोंगर हळूहळू वर आला.

किरण वाफेमुळे डगमगत होता. अल्कोहोलच्या वाफेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो ते सांगणारा आकडा, हवेपेक्षा वेगळा असतो. कुठे वाफ दाट, कुठे विरळ, त्यामुळे किरण किंचित इकडे-तिकडे वळतो, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरताना दिसते तसा. हे वळणे अगदी लहान कोनांचे असते आणि लहान कोन म्हणजे यंत्राच्या लेखी मोठे थेंब. उपाय म्हणजे सगळ्यात आतल्या काही पट्ट्यांचे आकडे हिशेबातून वगळणे आणि वगळले आहेत हे अहवालात लिहिणे. लवकर उडणारा द्रव असेल किंवा हवा गरम असेल, तर ताटलीची ही चाचणी मी आता आधीच करतो.

फवारा फार दाट असेल तर?

एका थेंबाने विखुरलेला प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचण्याआधी दुसऱ्या थेंबावर आदळतो आणि पुन्हा विखुरतो. दर वेळी कोन वाढतो. मोठा कोन म्हणजे लहान थेंब, म्हणून दाट फवारा आहे त्यापेक्षा बारीक असल्याचे उत्तर येते. निम्म्याहून जास्त प्रकाश अडत असेल तर सावध व्हा. काही सॉफ्टवेअरमध्ये याची दुरुस्ती असते, पण शक्य असेल तर किरणाचा फवाऱ्यातला मार्ग कमी करणे मला जास्त भरवशाचे वाटते.

थेंबाने किती प्रकाश अडवावा, याचेही एक नवल आहे. तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठा थेंब स्वतःच्या सावलीच्या दुप्पट प्रकाश किरणातून काढून घेतो. एक वाटा थेंबावर पडून अडतो, तेवढाच दुसरा कडेवरून वळून बाजूला जातो.

अपवर्तनांक किती भरायचा?

पाण्यासाठी १.३३. मोठ्या थेंबांना चुकीचा आकडा फारसा बाधत नाही, कारण समोरच्या कोनांत कडेवरून वळलेला प्रकाशच जास्त असतो. १० मायक्रॉनच्या खाली मात्र चूक महागात पडते. चुकीच्या अपवर्तनांकामुळे १ मायक्रॉनच्या आसपास नसलेल्या थेंबांचा डोंगर उगवतो. रंगीत द्रव लेझरचा प्रकाश शोषत असेल तर शोषणाचा आकडाही भरावा लागतो.

एकेक कण मोजणाऱ्या यंत्रांचे माप बहुधा पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या ठरावीक व्यासाच्या गोळ्यांवरून लावलेले असते. त्यांचा अपवर्तनांक १.५९. तेच यंत्र पाण्याच्या थेंबांवर तसेच वापरले तर व्यास चुकतो. त्यात भर म्हणजे या मापांत मीच्या गणितातला प्रकाश व्यासाबरोबर सरळ वाढत नाही, वर-खाली होत जातो. दोन वेगळ्या व्यासांचे थेंब अगदी सारखाच झोत देऊ शकतात.

थेंब एक मायक्रॉनहूनही लहान आणि द्रवात तरंगणारे असतील तर?

मग कोन सोडून वेळेकडे बघायचे. द्रवातले सूक्ष्म थेंब रेणूंच्या धक्क्यांनी सतत थरथरतात. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची ही हालचाल पाहिली आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये तिचे गणित दिले. लहान थेंब जास्त थरथरतो, म्हणून त्याच्याकडून येणारा प्रकाश जास्त झपाट्याने लुकलुकतो. लुकलुकण्याच्या वेगावरून व्यास काढण्याची ही पद्धत काही नॅनोमीटरपासून साधारण एक मायक्रॉनपर्यंत चांगली चालते.

दोन गोष्टी जपा. तापमान: पाण्याची चिकटाई अंशाला सुमारे २ टक्क्यांनी बदलते आणि ती चूक थेट व्यासात उतरते. आणि धूळ: तो सहावा घात आठवतो? १ मायक्रॉनचा एक कण साधारण १०० नॅनोमीटरच्या दहा लाख थेंबांइतका प्रकाश देतो. नमुन्यात धुळीचे चार कण आले की बाकी सगळे झाकले जाते.

थेंब गोल नसला तर?

बारीक थेंबांची काळजी नको. पृष्ठताण त्यांना गोलच ठेवतो. हवेत पडणारे थेंब १ मिलिमीटरच्या पुढे गेले की खालून चपटे होऊ लागतात. नोझलच्या तोंडाशी मात्र द्रवाचे धागे आणि फाटके पडदे असतात, थेंब अजून तयारच झालेले नसतात. तिथे विखुरलेल्या प्रकाशाला व्यास विचारण्यात अर्थ नाही. मागून उजेड टाकून वेगवान कॅमेऱ्याने सावली टिपा, किंवा थोडे खाली जाऊन मोजा.

यंत्र बरोबर दाखवते आहे याची खात्री कशी करायची?

विवर्तनाच्या यंत्रासाठी काचेवर क्रोमचे ठरावीक व्यासांचे ठिपके छापलेली पट्टी मिळते. ती सुकत नाही, पडत नाही, दर वेळी तेच उत्तर द्यायला हवी. या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३३२० आहे. रोजच्या कामात मी आणखी दोन गोष्टी बघतो. फवारा सुरू करण्याआधी रिकाम्या किरणाची नोंद आणि फवारा संपल्यावर पुन्हा तशीच नोंद. दोन्ही जुळल्या नाहीत तर मधल्या वेळात काचेवर थेंब बसले आहेत किंवा किरण सरकला आहे, आणि त्या मधले सगळे आकडे मी टाकून देतो.

अहवालात आकड्याबरोबर काय असायला हवे?

कुठली सरासरी, नोझलपासून किती अंतरावर, द्रवाचा दाब, हवेचे तापमान आणि आर्द्रता, किती प्रकाश अडला, कुठला अपवर्तनांक, कुठल्या पट्ट्या वगळल्या. अंतर आणि आर्द्रता सर्वांत जास्त वेळा गाळली जातात, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त लागतात. नोझलपासून १० सेंटीमीटरवरचा फवारा आणि ५० सेंटीमीटरवरचा फवारा यांच्यामध्ये बारीक थेंब सुकून गेलेले असतात, काही एकमेकांवर आदळून मोठे झालेले असतात, आणि कोरड्या दिवशी घेतलेले माप दमट दिवशी पुन्हा तसेच येत नाही.